वेग उतरवण्याची विद्या

यंत्रयुगाचा इतिहास सांगणारे ग्रंथ बहुधा वेगाच्या वाढीचा इतिहास सांगतात. बैलाच्या संथ पावलापासून वाफेच्या टर्बाइनपर्यंत मनुष्याने गतीची एकेक पायरी कशी सर केली, याचे साग्रसंगीत वर्णन त्यांत असते आणि ते यथार्थही असते. परंतु ज्याने एखादा साखर कारखाना, सिमेंटची फिरती भट्टी किंवा बंदरावरची यारी जवळून पाहिली आहे, त्याच्या हे ध्यानात आल्याखेरीज राहत नाही की चालवणाऱ्या यंत्राचा वेग कितीही वाढला असला तरी प्रत्यक्ष काम करणारा अवयव आपल्या पूर्वीच्याच संथ गतीला चिकटून आहे. उसाचा रस काढणारा रोलर मिनिटाला चार-पाच फेरे घेतो, सिमेंटची भट्टीही तशीच मंद फिरते. आणि त्यांना चालवणारी विजेची मोटार मिनिटाला १४४० फेरे घेत असते, टर्बाइन असेल तर चार-पाच हजार. या दोहोंच्या मधोमध एक बिडाची पेटी बसवलेली असते. तिच्यात एका बाजूने वेग शिरतो आणि दुसऱ्या बाजूने बळ बाहेर पडते. कारखाना पाहायला आलेल्या पाहुण्याला टर्बाइन दाखवतात, बॉयलर दाखवतात, साखरेचे शुभ्र ढीग दाखवतात. या पेटीपाशी सहसा कोणी थांबत नाही. तिच्या पोटात काय आहे आणि ते तेथवर कसे पोहोचले, हे सांगण्याजोगे आहे.

पेटीत घडणारा व्यवहार अगदी चोख आहे. फिरत्या दांड्यातून वाहणारी शक्ती ही त्याचा पीळ आणि त्याचा वेग यांच्या गुणाकाराएवढी असते. म्हणून घर्षणात जाणारा थोडा अंश सोडला, तर वेग दसपट उतरवला असता पीळ दसपट चढतो, आणि यात कोणालाही कसलीही सूट मिळत नाही. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने इसवी सनाच्या पहिल्या शतकात ही गोष्ट पुरती ओळखली होती. पाच टॅलंट बळाने एक हजार टॅलंट वजनाचे ओझे उचलणारे दातेरी चाकांचे यंत्र त्याने वर्णिले आहे. दोनशेपट बळ एकाच प्रचंड चाकातून काढण्याऐवजी लहान-मोठ्या चाकांच्या जोड्या एकामागून एक लावून ते टप्प्याटप्प्याने वाढवावे, ही त्याची तजवीज आजच्या प्रत्येक गिअरबॉक्समध्ये जशीच्या तशी चालू आहे. जितक्या पटीने बळ वाढेल तितक्याच पटीने काळही अधिक लागेल, हेही त्याने आपल्या यंत्रशास्त्रावरील ग्रंथात निःसंदिग्धपणे नमूद केले आहे. त्याच्याही आधीच्या काळातील ग्रीक कारागिरांची दातेरी चाकांवरची हुकमत किती होती, याची साक्ष अँटिकिथेरा बेटापाशी बुडालेल्या जहाजातून १९०१ मध्ये वर आलेल्या कांस्याच्या यंत्राने दिली. त्यात किमान तीस दंतचक्रे आढळली आहेत. मात्र त्यांचे त्रिकोणी दाते ग्रहगतीचा हिशेब करण्यासाठी होते, ओझे वाहण्यासाठी नव्हते.

हेरॉनने दाखवलेली दिशा अशी स्पष्ट असूनही पुढची सुमारे सतराशे वर्षे दातेरी चाकांची मुख्य चाकरी नेमकी उलट दिशेने होत राहिली, आणि या विद्येच्या इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट मला हीच वाटते. पाणचक्कीचे मोठे चाक ओढ्याच्या प्रवाहात सावकाश फिरते, पण पीठ दळणारी तळी मात्र चांगली भरभर फिरावी लागते. रोमन स्थपती व्हिट्रुव्हियसने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागात दातेरी चाकांची पाणचक्की वर्णिली आहे. युरोपभर पुढे पसरलेल्या अशा पाणचक्क्यांत आणि नंतरच्या पवनचक्क्यांत गिअरचे काम वेग वाढवण्याचे होते. निसर्गाने दिलेली सारीच चालकशक्ती, मग ती पाण्याची असो, वाऱ्याची असो वा जनावराची, मुळातच संथ असल्यामुळे वेग उतरवण्याची गरज यारी, खाणीतील रहाट, जॅक अशा मोजक्या ठिकाणीच पडे. अग्रिकोलाच्या १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या खाणविद्येवरील ग्रंथातील चित्रे पाहिली म्हणजे ही मोजकी ठिकाणे कोणती होती, हे डोळ्यांसमोर उभे राहते.

आपल्या मुलखाची स्थिती याहून वेगळी नव्हती. बाबराने आपल्या आत्मचरित्रात लाहोर, दिपालपूर व सरहिंदकडील रहाटाचे बारकाईने वर्णन केले आहे: बैल फिरवतो त्या चाकाचे दाते दुसऱ्या चाकाच्या दात्यांत गुंततात आणि मडक्यांची माळ विहिरीतून वर येते. कोकणातील नारळी-पोफळीच्या वाड्यांना पाणी देणारा रहाट याच कुळातला. आडव्या चाकाचे खुंटे उभ्या चाकाच्या खुंट्यांना ढकलत असत. त्यांतून फिरण्याची पातळी बदले, पण वेगात फारसा फरक पडत नसे. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यात तर लाकडी लाटांच्या टोकांवर मळसूत्री दाते कोरलेले असत, आणि ते एकमेकांत गुंतून दोन्ही लाटांना परस्परविरुद्ध फिरवीत. ही मळसूत्री दात्यांची योजना हिंदुस्थानी सुताराच्या हातची एक विलक्षण निपुण कृती होय. देशावरच्या गुऱ्हाळात बाभळीच्या लाकडाचा उभा चरक असे. त्याच्या मधल्या लाटेला लांब दांडा जोडून बैलजोडी गोल फिरवीत आणि त्या लाटेचे दाते शेजारच्या लाटांना फिरवीत. बैल मिनिटाला जे दोनेक फेरे घेई तेच लाटेचे फेरे. उसाला जो संथ पण जबरदस्त दाब लागतो तो त्या लांब दांड्यामुळे आपोआप मिळत असल्याने वेग उतरवणाऱ्या कोणत्याही यंत्राची तेथे आवश्यकताच उद्भवत नसे. चालक आणि काम यांची गती जोपर्यंत जुळलेली होती, तोपर्यंत ही विद्या निद्रिस्त राहणे स्वाभाविक होते.

वाफेच्या इंजिनानेही प्रथम या स्थितीत मोठा पालट केला नाही. जेम्स पिकार्डने १७८० मध्ये क्रँकचे पेटंट घेऊन ठेवल्यामुळे दट्ट्याची ये-जा फिरत्या गतीत बदलण्याची दुसरी वाट शोधणे जेम्स वॉटला भाग पडले, आणि १७८१ मध्ये त्याने सूर्य-ग्रह योजनेचे पेटंट घेतले. ही कल्पना विल्यम मर्डॉकची होती असे मानतात. या योजनेत दोन्ही चाके समान असली तर दट्ट्याच्या प्रत्येक खेपेबरोबर गतिचक्राचे दोन फेरे होतात. म्हणजे येथेही गिअर वेग वाढवीतच होता. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये उभारणीस घेतलेल्या आणि १८५६ मध्ये चालू झालेल्या मुंबईच्या पहिल्या कापड गिरणीपासून पुढील अर्धशतक गिरणगावात जी इंजिने धडधडत राहिली त्यांची चाल मंद होती, आणि चात्यांना मात्र मिनिटाला हजारो फेरे हवे असत. त्यामुळे दोर, पट्टे, पुल्या आणि गिअर यांची सारी यातायात वेग चढवण्याकडेच असे. अपवाद होता तो साखरेच्या वाफचलित घाण्याचा. तेथे इंजिनाची मंद चालसुद्धा उसाच्या रोलरला न पेलणारी ठरून बिडाच्या अवजड चाकांच्या रांगेतून ती आणखी उतरवावी लागे, आणि म्हणूनच औद्योगिक रिडक्शन गिअरच्या वंशावळीत साखरेच्या घाण्याला ज्येष्ठत्वाचा मान दिला पाहिजे.

याच काळात एक कार्य शांतपणे सिद्धीस जात होते, ज्यावाचून पुढचे काहीच घडले नसते. ते म्हणजे दात्याच्या आकाराचे गणित. लाकडी खुंटे एकमेकांना ढकलतात तेव्हा चाक किंचित धक्के खात फिरते. वेग कमी असताना ते चालून जाते, वेग वाढला की तेच धक्के दाते मोडतात. चालवणारे चाक एकसमान फिरत असता चालणारे चाकही क्षणोक्षणी एकसमान फिरावे, यासाठी दात्याची कड कोणत्या वक्राची असावी, हा प्रश्न होता. फिलिप द ला हीर याने १६९४ मध्ये आणि कामू याने १७३३ मध्ये, एका वर्तुळावर दुसरे वर्तुळ लोळवले असता त्यावरील बिंदू जो मार्ग काढतो त्या वक्राचा पुरस्कार केला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑयलरने वेगळाच वक्र पुढे आणला. रिळावर गुंडाळलेला दोरा ताणून धरून उलगडत गेले असता दोऱ्याचे टोक हवेत जी रेषा काढते तोच हा इन्व्होल्यूट. याचा मोठा गुण असा की दोन चाकांच्या केंद्रांतील अंतर बसवताना किंचित कमी-अधिक झाले तरी गतीची एकसमानता बिघडत नाही, आणि प्रत्यक्ष कारखान्यात अंतर थोडेफार चुकतेच. केंब्रिजच्या रॉबर्ट विलिसने हे तत्त्व प्राध्यापकांच्या वहीतून कारागिराच्या हातात आणून दिले. एका मापाच्या दात्यांचे कोणतेही चाक दुसऱ्या कोणत्याही चाकाशी जुळावे असे संच त्याने सुचवले. दात्यावरील दाबाची दिशा साडेचौदा अंशांची धरावी हा त्या काळचा संकेत, कारण त्या कोनाची ज्या जवळजवळ बरोबर पाव येते आणि फुटपट्टी व कर्कटक एवढ्याच सामग्रीवर आकृती काढणाऱ्या मिस्त्रीला ती सहज साधते. पुढे तो कोन वीस अंशांवर गेला, त्यालाही सबळ कारण होते: साडेचौदा अंशांत बत्तीसांहून कमी दाते पाडले तर दात्याचे मूळ कोरले जाऊन अशक्त होते, वीस अंशांत मात्र सतरा-अठरा दात्यांपर्यंत निर्धास्त जाता येते. लहान पिनियन म्हणजे लहान चाके, आणि लहान चाके म्हणजे लहान पेटी.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत चालकशक्तीने आपली प्राचीन मर्यादा एकाएकी ओलांडली. स्वीडनचा गुस्ताफ द लाव्हाल याने वाफेचा झोत प्रचंड वेगाने पात्यांवर सोडणारे टर्बाइन बनवले; त्याचे लहान टर्बाइन मिनिटाला तीस हजार फेरे घेई. जगात त्या काळी असे एकही काम नव्हते ज्याला एवढा वेग जसाच्या तसा उपयोगी पडावा. म्हणून द लाव्हालने टर्बाइनच्या कुशीतच बारीक, तिरक्या दात्यांची गिअरजोडी बसवून वेग एकदम दहाव्या हिश्श्यावर आणला. दाते तिरके असले की एक दाता सुटण्यापूर्वीच दुसरा पकडलेला असतो, त्यामुळे आवाज आणि हादरा कमी होतो. मात्र तिरकेपणामुळे चाक दांड्याच्या दिशेने सरकू पाहते, म्हणून त्याने उजवे आणि डावे असे दोन तिरके पट्टे एकाच चाकावर समोरासमोर ठेवले. अशाच उलटसुलट तिरक्या दात्यांच्या गिअरचा धंदा पुढे आंद्रे सिट्रोएनने फ्रान्समध्ये केला आणि त्यांच्या मोटारींवरचे दोन कोनांचे चिन्ह त्यातूनच आले.

इंग्लंडात चार्ल्स पार्सन्ससमोर हाच प्रश्न अधिक मोठ्या रूपात उभा राहिला. १८९७ मध्ये स्पिटहेडच्या आरमारी पाहणीत त्याची ‘टर्बिनिया’ चौतीस नॉट वेगाने धावली आणि टर्बाइनचे सामर्थ्य जगाला पटले. परंतु वाफेचा काटकसरीने उपयोग व्हायचा तर टर्बाइन जलद फिरले पाहिजे, आणि पाण्याला नेटाने रेटायचे तर पंखा संथ फिरला पाहिजे, हा मूळचा विरोध त्या पराक्रमाने मिटला नाही. जलद फिरणाऱ्या पंख्यामागे पाणी तुटून पोकळी पडते आणि शक्ती फुकट जाते. द्रुतगती जहाजांत दोघांनी थोडे थोडे नमते घेऊन निभावले. दहा नॉट वेगाच्या मालवाहू बोटीला तोही मार्ग मोकळा नव्हता. तेव्हा पार्सन्सने १९०९ मध्ये ‘व्हेस्पेशियन’ नावाची एक जुनी मालवाहू बोट विकत घेतली. तिचे मूळचे इंजिन नीट दुरुस्त करून त्याचा कोळशाचा खप आधी मोजून ठेवला, नंतर ते काढून टर्बाइन बसवले, आणि बॉयलर व पंखा तेच ठेवले, जेणेकरून तुलनेत कोणाला खोट काढता येऊ नये. टर्बाइन मिनिटाला सुमारे १४०० फेरे घेई, पंखा ७०. मध्ये २० दात्यांची पिनियने आणि ३९८ दात्यांचे एक भव्य चाक. वाफेची बचत सुमारे पंधरा टक्के भरली. जहाजधंद्यातील जे अनुभवी लोक दातेरी चाकांवर हजार अश्वशक्तीचा भार रात्रंदिवस टाकणे अविचाराचे मानीत होते, त्यांची शंका या एका बोटीने दूर केली. आधी वेग निर्माण करावा आणि मग तो उतरवावा हा वरवर उधळपट्टीचा दिसणारा मार्गच खऱ्या काटकसरीचा आहे, हे येथे प्रथमच आकड्यांनिशी सिद्ध झाले. आधुनिक गिअरबॉक्सच्या जन्माची तिथी कोणी विचारली तर मी व्हेस्पेशियनच्या त्या चाचणीकडे बोट दाखवीन.

परंतु असे चाक पाडायचे कसे? बिडाच्या ओतीव दात्यांचे दिवस संपले होते. हर्मान फाउटर याने जर्मनीतील केम्निट्स येथे १८९७ मध्ये हॉबिंगचे सर्वोपयोगी यंत्र सिद्ध केले. मळसूत्राच्या आकाराचे धारदार हत्यार आणि कापायचे चाक ही दोन्ही ठरलेल्या प्रमाणात एकाच वेळी फिरत राहतात आणि दात्याचा वक्र हत्याराच्या चालीतून आपसूक घडत जातो. त्याच सुमारास अमेरिकेत फेलोज याने दातेरी हत्याराने गिअर कापणारे यंत्र काढले. तरीही एक सूक्ष्म दोष उरे. हॉबिंग यंत्राचे मेज ज्या मोठ्या वर्मचक्रावर फिरे त्या चक्रात केसाएवढी चूक असली तर ती कापलेल्या प्रत्येक चाकात ठरावीक जागी उतरे, आणि जहाजात बसल्यावर ते गिअर किंचाळू लागे. पार्सन्सने यावर काढलेली युक्ती अत्यंत मनोहर आहे: त्याने कापायचे चाक यंत्राच्या मूळ चक्राच्या तुलनेत किंचित पुढे सरकत राहील अशी रचना केली. चूक नाहीशी झाली नाही, पण ती एका ओळीत न साठता चाकाच्या रुंदीभर नागमोडी विखुरली गेली, आणि एका दात्याची चूक दुसरा झाकू लागला.

दात्याचा आकार साधला, दाते पाडण्याची रीत साधली. आता तो दाता किती भार सोशील हे सांगणे उरले होते. फिलाडेल्फियाच्या अभियंत्यांच्या मंडळापुढे विल्फ्रेड लुईस याने १८९२ मध्ये जे सूत्र मांडले, त्यात दात्याला भिंतीत रोवलेल्या आखूड तुळईसारखे मानून, टोकावर भार आला असता मुळाशी ताण किती येईल, याचा हिशेब होता. त्यापूर्वी प्रत्येक कारखान्याचा आपापला आडाखा असे आणि एकाच चाकाला दोन कारखाने दोन वेगवेगळ्या क्षमता सांगत. लुईसचे सूत्र आल्यावर अंदाजाची जागा गणिताने घेतली. तरी मोडण्याची भीती गेल्यावर दुसरीच व्याधी डोके वर काढू लागली: दाता मोडत नसे, पण काही महिन्यांनी त्याच्या पृष्ठावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडत. त्याचे निदान हाइनरिख हर्ट्झच्या एका निबंधात आधीच येऊन गेले होते. दोन काचभिंगे एकमेकांवर दाबली असता स्पर्शस्थानी काय होते, याचा अभ्यास त्याने १८८१ च्या सुमारास केला होता. वक्र पृष्ठे जेथे टेकतात तेथे फार अरुंद पट्टीवर अतोनात दाब एकवटतो, आणि तो पुनःपुन्हा येत राहिला की पोलाद थकून त्याचे टवके उडतात. म्हणून आजचा अभिकल्पक प्रत्येक जोडीचा हिशेब दोनदा करतो, एकदा मुळाच्या बळासाठी आणि एकदा पृष्ठाच्या आयुष्यासाठी, आणि दोन्हींत जो कमी भरेल तो ग्राह्य धरतो.

विजेच्या आगमनाने ही विद्या जहाजांतून प्रत्येक कारखान्यात आली. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना घाटावरच्या पाण्याची वीज मिळू लागली. प्रत्यावर्ती विजेवर चालणाऱ्या साध्या मोटारीची चाल विजेच्या कंपनसंख्येला बांधलेली असते; आपल्याकडील पन्नास कंपनांच्या विजेवर चार ध्रुवांची मोटार मिनिटाला पंधराशेच्या किंचित खालीच फिरणार, तिला याहून संथ फिर असा हुकूम करण्याची सोय त्या काळी नव्हती. तेव्हा वाहकपट्टे, मिश्रक, चाळण्या, पाळणे या प्रत्येकापाशी एक स्वतंत्र मोटार आणि तिच्याबरोबर एक स्वतंत्र गिअरबॉक्स अशी वहिवाट पडली. उघड्यावर फिरणारी चाके पेटीत गेली, हा या काळातला दुसरा मोठा पालट. पेटीमुळे दात्यांना अखंड तेल मिळाले आणि धूळ बाहेर राहिली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कामगाराची बोटे वाचली. उघड्या गिअरमध्ये धोतराचा सोगा किंवा सदऱ्याची बाही गुंतून किती हात निकामी झाले याची मोजदाद कोणत्याही दफ्तरात सापडणार नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या एकविसाव्या कलमाने यंत्राच्या धोकादायक फिरत्या भागांना कुंपण सक्तीचे केले, हे त्या मूक दुःखाचेच उशिराने आलेले फळ म्हटले पाहिजे.

महाराष्ट्रात हे सारे स्थित्यंतर एका उसाच्या चरकात पाहायला मिळते. बाभळीच्या लाटा जाऊन लोखंडी चरक आले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील माळरानावर वसवलेल्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने नांगराबरोबर चरकही शेतकऱ्यापर्यंत पोहोचवले. तोवर दांड्याला बैलच होते. पुढे तेलाचे इंजिन आले, मग विजेची मोटार, आणि बैल बाजूला होताच त्यांच्या संथपणाची उणीव एकदम प्रकट झाली. समजा, गुऱ्हाळाला दहा अश्वशक्तीची, मिनिटाला १४४० फेऱ्यांची मोटार आहे आणि रोलरला मिनिटाला दहा फेरे हवे आहेत. वेग १४४ पट उतरवायचा. मोटारीच्या दांड्याचा पीळ, एक मीटर लांबीच्या टोकावर मोजला तर, अवघ्या पाच किलोग्रॅमचा. रोलरपाशी तो सातशे किलोग्रॅमच्या घरात जातो, पट्ट्याचा आणि दात्यांचा घसारा वजा केला तरी साडेसहाशेच्या आसपास राहतो. हे काम एकाच जोडीवर सोपवले तर अठरा दात्यांच्या पिनियनसमोर २५९२ दात्यांचे चाक लागेल, आणि दात्याचे माप पाच मॉड्यूल, म्हणजे दर दात्यामागे पाच मिलिमीटर व्यास, धरले तर त्याचा व्यास तेरा मीटर भरेल. म्हणून पट्ट्याने प्रथम चारपट, मग गिअरच्या एका जोडीने सहापट आणि दुसऱ्या जोडीने सहापट, असा भार वाटून द्यायचा. त्याच मापात १०८ दात्यांचे चाक ५४ सेंटिमीटरचे होते आणि पेटी गुऱ्हाळाच्या कोपऱ्यात मावते. दुसऱ्या जोडीवर पीळ सहापट असल्याने तिचे दाते अधिक जाड व रुंद ठेवावे लागतात. पेटीतील पहिल्या दांड्यापेक्षा शेवटच्या दांड्यावर छत्तीसपट पीळ येतो, तरी त्याची जाडी सव्वातीनपटच लागते, कारण दांड्याचे बळ जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. उसाची जाड मोळी एकदम तोंडात गेली की क्षणभर भार दुप्पट होतो, म्हणून साऱ्या हिशेबाला वर आणखी वाढ द्यायची. पेटी बंद असेल तर आत हरवणाऱ्या शक्तीची उष्णता तिच्या भिंतींतून बाहेर पडेल एवढे पृष्ठ आहे की नाही, हेही पाहायचे.

हिशेब पुरा झाला तरी शेवटचा निवाडा जुळणी करणाऱ्या फिटरचा असतो. तो पिनियनच्या दात्यांना निळ्या रंगाचा पातळ हात फिरवतो, चाके हाताने फिरवतो आणि समोरच्या दात्यांवर उमटलेला निळा ठसा न्याहाळतो. ठसा दात्याच्या मधोमध, लांबट आणि सलग आला तर दांडे समांतर आहेत; तो एका कडेला सरकला तर बेअरिंगचे घर तिरके आहे, आणि कागदावरचे सारे गणित त्या कडेवर एकवटून तीच कड आधी झडणार. मग तो दात्यांमधला खेळ पातळ पत्री घालून मोजतो, कारण खेळ मुळीच नसेल तर तापल्यावर चाके एकमेकांत रुततील. हे कसब पुस्तकातून येत नाही, पण पुस्तकातील विद्येशी त्याचे भांडणही नाही; ऑयलरचा वक्र बरोबर आहे की नाही, हे त्या निळ्या ठशातच दिसते.

१९३२ मध्ये साखरधंद्याला जकातीचे संरक्षण मिळाल्यावर नीरा, गोदावरी आणि प्रवरा यांच्या कालव्यांवर कारखाने वाढू लागले. रावळगाव आणि वालचंदनगर वालचंद हिराचंदांनी वसवले. १९५० अखेर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने लोणीजवळ प्रवरेचा सहकारी कारखाना चालू झाला. आरंभी घाण्याची मोठी गिअर परदेशातून येत आणि दाता मोडला की नव्या चाकाची वाट पाहत हंगाम वाया जाण्याची धास्ती असे. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरात प्रथम आपल्याच कारखान्याच्या दुरुस्तीसाठी म्हणून जो कर्मशाळेचा पसारा उभा राहिला, त्यातून पुढे संपूर्ण साखर कारखाने आणि त्यांची गिअर बनू लागली, आणि तेथेच कालांतराने भारतीय आरमाराच्या युद्धनौकांसाठी गिअरबॉक्सही तयार झाले. उसाच्या रोलरसाठी वेग उतरवणारा हात समुद्रावरच्या पंख्यासाठी वेग उतरवू लागला. पार्सन्सच्या विद्येचे हे मराठी मुलखातील स्थानांतर आपल्या औद्योगिक इतिहासात मानाने नोंदवले गेले पाहिजे.

आज विजेच्या कंपनसंख्येत हवा तसा बदल करून मोटार संथ चालवणारी साधने सर्वत्र उपलब्ध आहेत, आणि आता गिअरबॉक्सचे प्रयोजन काय, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. उत्तर हेरॉनच्याच ग्रंथात आहे. मोटार संथ केली म्हणून तिचा पीळ वाढत नाही, आणि मोटारीचे आकारमान ठरते ते पिळावरून. गुऱ्हाळातील त्या रोलरचा सातशे किलोग्रॅमचा पीळ थेट पुरवणारी मोटार दहा अश्वशक्तीच्या मोटारीपेक्षा कितीतरी अवजड व महाग होईल. म्हणूनच साखर कारखान्यांत टर्बाइनच्या जागी अशा नियंत्रित मोटारी येत असताना त्यांच्या जोडीला ग्रहमालेच्या रचनेचे नवे गिअरबॉक्स येत आहेत. साधन बदलते, व्यवहार तोच राहतो.

अभिकल्पाच्या पाठ्यपुस्तकात आज ही सारी विद्या कोष्टकांच्या रूपाने भेटते: वीस अंश, अठरा दाते, अमुक गुणक, तमुक गुणक. त्यांतील प्रत्येक आकड्यामागे कोणाचा तरी मोडलेला दाता, कोणाची तरी बुडालेली रक्कम, कोणा गणितज्ञाची साधना आणि कोणा फिटरची नजर उभी आहे. तो इतिहास ज्याला ठाऊक असतो तो कोष्टक वापरताना त्याची मर्यादाही ओळखतो, आणि ज्याला ठाऊक नसतो तो त्याच्यापुढे केवळ मान तुकवतो. आपल्या जुन्या कारखान्यांच्या दफ्तरांत गिअरची मूळ रेखाचित्रे, बदलाच्या नोंदी आणि मोडतोडीचे अहवाल अजून पडून आहेत, आणि कारखाना विकला गेला की ते रद्दीत जातात. आपण गडांची कागदपत्रे जपतो तशाच आस्थेने हीही जपावीत, आणि तंत्रनिकेतनांतील अध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांना सूत्र शिकवण्याआधी ती एकदा उघडून दाखवावीत.